उंदराची मात्रा आणि पऱ्हाटीतला माणूस

आमच्याकडे विषाला औषध म्हणतात. कारंज्याच्या बाजारात कुठल्याही कृषी केंद्रासमोर सावन-भादव्यात दहा मिनिटे उभे राहा. 'दादा, अळीचं औषध द्या, जालीम द्या' हेच वाक्य निरनिराळ्या आवाजांत ऐकू येईल. शहरातली माणसे या शब्दाला हसतात. मला त्यात हसण्यासारखे काही वाटत नाही. दवाखान्यातली गोळी आणि कृषी केंद्रातली बाटली एकाच मापाने मोजली जाते, आणि त्या मापाचे नाव आहे मात्रा. वैद्य मंडळींना ही गोष्ट जुनीच आहे. प्रश्न इतकाच की ही मात्रा मोजतो कोण, कशावर, आणि ते माप आमच्या शेतात किती खरे ठरते.

मी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवले. तरीही हा प्रश्न माझ्या मनात पक्का रुतला तो २०१७ साली. त्या वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. कारंजा आज वाशीम जिल्ह्यात आहे, १९९८ पर्यंत अकोल्यात होते. पण आमची सोयरीक, बाजार आणि मजूर यवतमाळशी जोडलेले आहेत. शकुंतला धावायची तेव्हा मूर्तिजापूरहून निघालेली गाडी कारंज्यावरून दारव्ह्याकडे आणि पुढे यवतमाळला जायची. त्यामुळे ती बातमी आमच्यासाठी परगावची नव्हती. पऱ्हाटी त्या साली माणसाच्या डोक्याला लागली होती, बोंडअळीचा जोर होता, उकाडा होता, आणि हातपंपाची जागा जोरदार फवारा मारणाऱ्या यंत्रचलित पंपांनी घेतली होती. पुढे राज्य सरकारने पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर दोन महिन्यांची बंदी घातली. मोनोक्रोटोफॉस त्यात होते, प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रिन यांचे तयार मिश्रण होते, डायफेन्थियुरॉनही होते.

आता या बाटल्यांवरचा चौकोन पाहा. टोकावर उभा असलेला हा चौकोन मधोमध कापलेला असतो आणि त्याचा खालचा त्रिकोण रंगीत असतो: लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा. हे रंग १९७१ च्या कीटकनाशक नियमांनी ठरवून दिले. त्यामागचा कायदा १९६८ चा, आणि त्या कायद्याच्या मागे १९५८ ची केरळातली दुर्घटना, जिथे पॅराथिऑनने दूषित झालेले पीठ खाऊन शंभरावर माणसे मेली होती. त्रिकोणाचा रंग ठरतो तो उंदरांवरून. तोंडावाटे दिलेल्या ज्या मात्रेने निम्मे उंदीर मरतात, ती मात्रा शरीराच्या दर किलो वजनामागे मिलिग्रॅममध्ये मोजतात. ५० पर्यंत लाल, ५०० पर्यंत पिवळा, ५,००० पर्यंत निळा, त्यापुढे हिरवा. कातडीवाटे होणाऱ्या विषबाधेसाठी आकडे वेगळे आहेत. ही 'निम्म्यांची' कल्पना ट्रेव्हन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १९२७ मध्ये मांडली. औषधांच्या ताकदीचे प्रमाणीकरण करावे हा तिचा मूळ हेतू होता. म्हणजे 'औषध' हा आमचा शब्द इथेही अगदीच अस्थानी नाही.

निम्मेच का? कारण सगळ्यात दुबळा उंदीर कोणत्या मात्रेला मरेल आणि सगळ्यात टणक कोणत्या मात्रेला, हे नशिबावर असते. मधला आकडा त्या मानाने स्थिर येतो. युक्ती सुंदर आहे. पण तिने मिळणारे उत्तर एकाच प्रश्नाचे असते: एकच पदार्थ, एकच वेळ, सुदृढ जनावर, थंड खोली, चौदा दिवस निरीक्षण. आमचा फवारणारा गडी सकाळी अर्धी भाकर खाऊन निघतो, दिवसभर घामाने निथळतो, तोंडाला ओला दुपट्टा बांधतो आणि डोक्याइतक्या उंच पिकात वाऱ्याच्या समोरून चालतो. विष तो पीत नाही. ते त्याच्या कातडीतून, डोळ्यांतून, श्वासातून जाते, आणि एकटे जात नाही.

या 'एकटे नाही' मध्येच खरी मेख आहे. प्रोफेनोफॉसचा उंदरावरचा आकडा ३५८ च्या आसपास, म्हणजे पिवळ्या त्रिकोणातला. ते मज्जातंतूंतल्या कोलिनेस्टरेज या विकराला बांधून टाकते. पण त्याच कुळातली रसायने आणखी एका विकराला, कार्बोक्सिलेस्टरेजलाही, निकामी करतात. आणि सायपरमेथ्रिनसारख्या पदार्थाचे तुकडे करून शरीर मोकळे करण्याच्या कामात याच विकराचा मोठा वाटा असतो. एक चोर पहारेकऱ्याला बांधतो, दुसरा आरामात घरात शिरतो. किडीवर हे मिश्रण जालीम ठरते ते याचसाठी. माणसाच्या शरीरातही तोच पहारेकरी असतो.

डॉक्टरांपुढची अडचण निराळी. कोलिनेस्टरेज किती शिल्लक आहे हे रक्तातून कळते. एलमन यांनी १९६१ मध्ये दिलेली पद्धत इतकी साधी आहे की विकर काम करू लागले की द्रावण पिवळे होते. रंग जितका कमी गडद, तितकी बाधा जास्त. अशा रोग्याला अॅट्रोपिन लागू पडते. डायफेन्थियुरॉन मात्र या वाटेने जातच नाही. शरीरात त्याचे रूपांतर होते आणि ते पेशीच्या ऊर्जाघरावर घाला घालते. तिथे ही चाचणी काही सांगत नाही आणि त्यावर ठरावीक उताराही नाही. उंदराच्या आकड्यावरून पाहिले तर हे रसायन मोनोक्रोटोफॉसपेक्षा कितीतरी सौम्य! यवतमाळच्या बाधित कुटुंबांनी या रसायनाबाबत २०२० मध्ये थेट स्वित्झर्लंडमध्ये दाद मागितली. उत्पादक कंपनीने आपली जबाबदारी नाकारली.

मग संगणक काय करू शकतो? कॉर्विन हान्श यांनी १९६० च्या दशकात दाखवून दिले की रेणूची रचना आकड्यांत मांडली, म्हणजे तो तेलात किती विरघळतो, त्यावर विद्युतभार कुठे आहे, आकार केवढा, तर त्याच्या परिणामाचा अंदाज गणिताने बांधता येतो. आज हजारो रसायने पेशींवर, छोट्या खळग्यांच्या ताटल्यांत, यंत्रमानवाकडून तपासली जातात आणि ते निकाल संगणकाला शिकवले जातात. ट्रेव्हनची मूळ चाचणी तर आंतरराष्ट्रीय नियमावलीतून २००२ मध्येच वगळली गेली. तिच्या जागी कमी उंदरांच्या पद्धती आल्या. भारतात नव्या औषधांसाठी पेशी, चिपवरचे अवयव आणि संगणकी पद्धती यांना २०२३ मध्ये नियमांत जागा मिळाली.

मला यात आशा दिसते ती मुक्या जनावरांपुरती नाही. हिशेब करून पाहा. दुकानाच्या फळीवर तीस बाटल्या आहेत आणि गडी पंपात कोणत्याही तीन ओततो असे धरले, तर ४,०६० मिश्रणे होतात. टॉनिक, विद्राव्य खत आणि चिकटद्रव्य सोडूनच द्या. इतक्या मिश्रणांसाठी उंदीर पुरणार नाहीत आणि पैसाही. धोक्याची मिश्रणे आधी चाळून काढायची तर संगणकच हवा. मात्र संगणकाला जे शिकवले तेवढेच तो जाणतो, आणि त्याची शिकवणी आजवर प्रामुख्याने सुट्या, शुद्ध रसायनांवर झाली आहे. आमच्या पंपातला काढा त्याने फारसा पाहिलेला नाही.

गोळी बाजारात येण्याआधी माणसांवर टप्प्याटप्प्याने तपासली जाते, संमती घेऊन, नोंद ठेवून. बाजारात आल्यावरही तिच्या दुष्परिणामांची नोंद घेणारी देशव्यापी यंत्रणा २०१० पासून आहे. कीटकनाशकाची माणसावरची पहिली मोठी कसोटी शेतात होते, तीही मजुरीवर, आणि तिची वही कोणी लिहीत नाही.

ती वही आमच्यासारख्या गावात लिहिता येईल. कृषी केंद्राच्या पावतीवर बाटलीचे नाव आणि बॅच क्रमांक असतो. दवाखान्याच्या केसपेपरवर मात्र मी पुष्कळदा 'फवारणीतून विषबाधा' एवढेच लिहिलेले पाहिले आहे. हे दोन कागद एका टाचणीने जोडायला संगणकही लागत नाही. कोणत्या तीन बाटल्या, कोणता पंप, किती तास, वारा कुठला, एवढे मागच्या बाजूला लिहिले, तर डॉक्टरला कोणता उतारा द्यायचा ते त्याच रात्री कळेल, आणि रेणूंचे गणित करणाऱ्याला आमच्या पऱ्हाटीतला पहिला खरा आकडा मिळेल.