पेट्रापोलचे फाटक आणि सहा दिवसांचा खोळंबा

भारत आणि बांगलादेश यांच्यात खुष्कीच्या मार्गाने जो व्यापार चालतो, त्याचा मूल्याच्या हिशेबाने सुमारे ७० टक्के भाग पश्चिम बंगालमधील बनगावजवळचे पेट्रापोल आणि पलीकडचे बेनापोल या एकाच जोडनाक्यावरून जातो. तरीही हा नाका ओलांडण्यास मालट्रकला १३८ तास, म्हणजे जवळजवळ सहा दिवस लागतात, असे जागतिक बँकेच्या २०२१ सालच्या अहवालात नोंदवले आहे. तेवढीच वाहतूक हाताळणाऱ्या पूर्व आफ्रिकेतील नाक्यांवर हे काम सहा तासांच्या आत उरकते.

या १३८ तासांपैकी २८ तास केवळ माल एका ट्रकमधून उतरवून दुसऱ्यात चढवण्यात जातात. भारतीय ट्रकला बेनापोलच्या आवारापुढे जाण्याची मुभा नसल्याने तिथे हमाल गोण्या आणि गठ्ठे उतरवतात, आणि मग बांगलादेशी ट्रक तो माल पुढे नेतो; यात वेळ जातो, खर्च वाढतो आणि नाजूक मालाची नासधूसही होते. एका देशाची वाहने दुसऱ्या देशातून थेट धावू शकावीत यासाठी बांगलादेश, भूतान, भारत आणि नेपाळ यांनी जून २०१५ मध्ये थिंफू येथे मोटार वाहन करार केला खरा, परंतु भूतानच्या संसदेने त्यास मान्यता दिली नाही आणि उरलेल्या तिघांमध्येही तो व्यवहारात उतरलेला नाही. परिणामी आगरतळ्याचा माल बांगलादेशातून सुमारे ४५० किलोमीटरमध्ये कोलकाता बंदर गाठू शकत असताना त्याला सिलिगुडीच्या चिंचोळ्या पट्ट्याला वळसा घालून सुमारे १,६०० किलोमीटर जावे लागते.

बांधकामात मात्र कसूर झालेली नाही. सीमेवरील नाके उभारण्यासाठी २०१२ साली भारतीय भूबंदर प्राधिकरण स्थापन झाले, २०१६ मध्ये सीमाशुल्क, पारपत्र-तपासणी आणि गोदामे एका आवारात आणणारा पेट्रापोलचा एकात्मिक तपासणी नाका सुरू झाला, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘मैत्री द्वार’ हे मालवाहतुकीचे नवे फाटक उघडले. या सोयी आवश्यकच होत्या. परंतु तीच कागदपत्रे दोन्ही बाजूंना नव्याने तपासली जात असतील, तर फाटक रुंद केल्याने रांग फार तर थोडी पुढे सरकते. झांबिया आणि झिंबाब्वे यांच्या सीमेवरील चिरुंडू येथे २००९ पासून दोन्ही देशांचे अधिकारी एकाच आवारात बसून तपासणी करतात, त्यामुळे वाहनाला एकदाच थांबावे लागते. त्यासाठी आपल्या अधिकाऱ्याला शेजाऱ्याच्या भूमीवर आपला कायदा लागू करता येईल, अशी तरतूद दोन्ही देशांना करावी लागली, आणि खरी कठीण पायरी तीच आहे.

या दिरंगाईची झळ महाराष्ट्रालाही बसते, कारण नाशिकच्या कांद्याचा बांगलादेश हा मोठा ग्राहक आहे. १४ सप्टेंबर २०२० रोजी केंद्राने निर्यातबंदी जाहीर केली, तेव्हा कांद्याने भरलेले ट्रक सीमेवर अडकून पडले आणि माल सडू लागला. मे २०२५ मध्ये भारताने बांगलादेशी तयार कपड्यांची आयात भूमार्गाने बंद करून ती कोलकाता आणि न्हावा शेवा या बंदरांपुरती मर्यादित केली. असे निर्णय घेण्याचा अधिकार सरकारला आहेच. मात्र वाटेत असलेल्या नाशवंत मालाला ते लागू होणार नाहीत, अशी हमी दोन्ही देशांनी आधीच लिहून दिली, तर त्यासाठी नव्या इमारतीचीही गरज पडणार नाही.