कूटचलनाचे रोखीकरण

कूटचलनाचे रोखीकरण : बिटकॉइन, टेथर यांसारखे कूटचलन विकून त्याच्या मोबदल्यात रुपये मिळविण्याची क्रिया. भारतात कूटचलनास वैध चलनाचा दर्जा नाही. आयकर कायद्याने २०२२ पासून त्यास आभासी मालमत्ता मानले आहे. त्याचा अधिकृत विनिमय-दर जाहीर होत नसल्याने रास्त भाव कोणता, हे विक्रेत्यासच ठरवावे लागते.

हा प्रश्न मुंबईस अगदीच नवा नाही. पेशवाईत व कंपनी अमलाच्या प्रारंभी अंकुशी, चांदवडी, सुरती असे अनेक रुपये प्रचारात होते. एक नाणे देऊन दुसरे घेताना सराफ वजन, कस व झीज पाहून बट्टा कापीत. १८३५ मध्ये कंपनीने एकसारखा रुपया पाडण्यास आरंभ केल्यावर हा बट्टा क्रमाने मागे पडला. कूटचलनाच्या विक्रीत तो निराळ्या नावांनी पुन्हा आढळतो.

टेथरचे मूल्य एका डॉलरइतके राखले जाते; तथापि भारतात त्याचा भाव बँकेच्या डॉलर-दराहून बहुधा चढा असतो. म्हणून तुलना बँकेच्या दराशी न करता दोन-तीन विनिमयमंचांवरील प्रत्यक्ष खरेदीदारांच्या भावांशी करणे योग्य. कफ परेडच्या मच्छीमार नगरापासून जवळच असलेल्या ससून गोदीत मासळीचा लिलाव चारचौघांत होतो, तशीच मंचावरील बोलीही सर्वांना दिसते. मात्र ठळकपणे दाखविलेला भाव हा पुष्कळदा शेवटच्या सौद्याचा असतो; मोठा साठा एकदम विकल्यास तो टिकत नाही.

समजा, १,००० टेथर प्रत्येकी ९० रु. दराने विकले. शुल्क ०·२ टक्के धरल्यास १८० रु., त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर ३२·४० रु. आणि उरलेल्या रकमेवर १ टक्का करकपात सुमारे ८९८ रु. वजा जाऊन हाती सुमारे ८८,८९० रु. येतात, म्हणजे नगास ८८·८९ रु. ही करकपात विवरणपत्रात वळती करून घेता येते. नफ्यावर ३० टक्के कर व उपकर द्यावा लागतो. खरेदी-किमतीखेरीज अन्य खर्चाची वजावट मिळत नाही. एका व्यवहारातील तोटाही दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही, ही तरतूद किरकोळ विक्रेत्यास विशेष जाचक ठरते.

भाव चांगला असूनही पैसे हाती न येण्याचा संभव असतो. २०१८ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या वझीरएक्स या मंचावरून १८ जुलै २०२४ रोजी सुमारे २३ कोटी डॉलरची कूटचलने चोरीस गेली. तेथील व्यवहार थांबले, ते ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाले.

रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ रोजी बँकांना अशा व्यवहारांस सेवा देण्यास मनाई केली, तेव्हा परस्पर विक्रीस जोर आला. सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी ती मनाई रद्द ठरविली, तरी हा प्रघात टिकून आहे. यात बाजारभावाहून दोन-तीन रुपये अधिक देणारा खरेदीदार भेटल्यास ते आधिक्य बहुधा जोखमीचे मोल असते. त्याने धाडलेले पैसे फसवणुकीतील निघाल्यास तक्रारीवरून विक्रेत्याचे बँकखाते गोठविले जाते, आणि निरपराध विक्रेत्यासही कधी परराज्यातील पोलीस ठाण्याकडे खुलासा करावा लागतो. यास्तव रक्कम खरेदीदाराच्या स्वतःच्या, नाव पडताळलेल्या खात्यातूनच स्वीकारावी. नोटा घेऊन ही अडचण टळत नाही. एका व्यवहारात २ लाख रु. वा अधिक रोख स्वीकारण्यास २०१७ पासून कायद्याने मनाई आहे.