ग्रीन रिव्हरकाठचं शेफील्ड

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याच्या पश्चिम भागात ग्रीनफिल्ड हे गाव आहे. गावाजवळून वाहणारी ग्रीन रिव्हर ही लहानशी नदी पुढे डीअरफिल्ड नदीला मिळते आणि दोघींचं पाणी कनेटिकट नदीत जातं. या नदीचं नाव देशभर पोचलं ते सुऱ्यांमुळे. दक्षिणेत जॉर्जियात व्यापार करून परतलेल्या जॉन रसेलने 1834 मध्ये भावाला हाताशी धरून इथे पोलादी हत्यारांचा कारखाना काढला. सुरुवात पटाशांपासून झाली आणि सुऱ्या नंतर आल्या. 1836 मध्ये कारखाना जळाला, तेव्हा त्याने नव्याने भांडवल उभं केलं आणि पुन्हा मांडामांड केली. कारखान्याचं नाव पडलं ‘ग्रीन रिव्हर वर्क्स’, आणि हीच अक्षरं सुरीच्या पात्यावर उमटू लागली. आज या गावाची ओळख करून देताना रॉकी पर्वतातले शिकारी, त्यांच्या कमरेची सुरी आणि अमेरिकी यंत्रांची करामत एवढंच सांगितलं जातं. ही ओळख अपुरी आहे. इंग्लंडमधल्या शेफील्डचं पोलाद आणि शेफील्डचे हात नव्या पद्धतीने एका छताखाली आणणं, हे ग्रीनफिल्डचं खरं कर्तृत्व आहे.

शिकाऱ्यांच्या कथेतला काळ आधी तपासून पाहावा. बीव्हरच्या कातड्यांसाठी डोंगर तुडवणाऱ्यांचे वार्षिक मेळावे 1825 ते 1840 या काळात भरत. रसेलचा कारखाना उभा राहिला तोवर त्यातली निम्म्याहून अधिक वर्षं सरली होती, आणि नंतरची काही वर्षं आगीतून सावरण्यात गेली. त्या व्यापारात चालत होत्या त्या मुख्यतः इंग्रजी सुऱ्या. शेफील्डच्या जॉन विल्सनच्या खाटकी सुऱ्यांना तर खास मागणी असे. यावर कुणी जॉर्ज रक्स्टनची साक्ष काढेल. 1846-47 मध्ये त्या मुलुखात फिरलेल्या या इंग्रज प्रवाशाने शिकाऱ्यांच्या बोलीत ‘ग्रीन रिव्हर’ रुळल्याची नोंद केली आहे. ही साक्ष खरी मानायला हवी. तिच्यावरून रसेलच्या सुऱ्या तोवर डोंगरात पोचल्या होत्या एवढं ठरतं. कारखाना त्या गिऱ्हाइकावर उभा राहिला, असं ठरत नाही. मूठभर शिकाऱ्यांच्या जिवावर एवढं उत्पादन खपणं शक्यच नव्हतं. घरचं डुक्कर कापणारा शेतकरी, गावोगावचा खाटीक, रोजचं स्वयंपाकघर ही खरी बाजारपेठ होती. तिला दरवर्षी त्याच मापाची, त्याच धारेची, परवडणारी सुरी हवी होती. अशी सुरी तोवर समुद्रापलीकडून येत असे.

म्हणून मुख्य प्रश्न शेफील्डशी स्पर्धा कशी झाली, हा आहे. बेंजामिन हंट्समनने 1740 च्या दशकात मुशीत पोलाद वितळवण्याची रीत बसवली, तेव्हापासून चांगल्या पात्याचं पोलाद म्हणजे शेफील्डचं पोलाद, असं समीकरण झालं होतं. पिट्सबर्गला त्या तोडीचं मुशीतलं पोलाद भरवशाने निघू लागलं ते 1860 च्या दशकात. म्हणजे पहिली जवळपास तीस वर्षं अमेरिकी सुरीचं पोलाद बहुतेक इंग्रजीच होतं. कारागिरांचंही तसंच. रसेलने जास्त मजुरी देऊन शेफील्डहून माणसं आणली, कारण पात्याला पाणी देण्याची आणि सहाणेवर ते उतरवण्याची जाण कोणत्याही यंत्रात नव्हती. पोलादाचा रंग बघून नेमक्या क्षणी ते पाण्यात वा तेलात बुडवणं हे नजरेचं काम. घासाईचं काम तर छातीवर बेतणारं होतं. दगडाची बारीक धूळ फुफ्फुसात बसून शेफील्डचे घासणारे तरुणपणीच दगावत. हा धोका सहाणेबरोबर येणारच होता. अमेरिकी सुरीच्या गौरवगाथेत या घासणाऱ्यांचा उल्लेख क्वचित येतो, याचं मला वाईट वाटतं.

मग यात अमेरिकी काय उरलं, असा आक्षेप येईल. त्याचं उत्तर कामाच्या मांडणीत आहे. शेफील्डमध्ये घडवणारा, घासणारा आणि मूठ बसवणारा हे वेगवेगळे कारागीर असत. ते बहुधा छोट्या, स्वतंत्र जागांत काम करत आणि एकेक सुरी गल्लीबोळांतून हात बदलत पूर्ण होई. रसेलने ही सगळी साखळी एका आवारात आणली, पाण्याच्या जोरावर चालणारे घण लावले आणि साच्यात दाबून पात्यांना आकार दिला. घडाईतला हातोड्याचा वेळ वाचला, मापं सारखी आली, आणि जाणकार हात पाणी देण्यासाठी व धारेसाठी मोकळे झाले. यंत्राने कारागिराची जागा घेतली, असं म्हणणं चूक आहे. त्याच्या वाट्याचं फक्त जड काम यंत्राकडे गेलं.

दुसरा आक्षेप जकातीचा. आयातीवर कर होता म्हणून हे धंदे जगले, असं म्हणतात. पण 1833 च्या तडजोडीच्या कायद्याने कर 1842 पर्यंत टप्प्याटप्प्याने खाली आणायचं ठरलं होतं, आणि रसेलने धंदा मांडला तो नेमका त्याच उताराच्या काळात. कर 1842 मध्ये चढले, 1846 मध्ये पुन्हा घसरले, तरी कारखाना टिकला. 1861 नंतरच्या चढ्या करांनी अमेरिकी सुरीला मोठा आधार दिला आणि 1890 च्या मॅकिन्ली कायद्याने शेफील्डला जबर फटका दिला, हे मान्यच आहे. पण पाया त्याआधीच भरला गेला होता.

पुढे 1870 च्या सुमारास कारखाना शेजारच्या टर्नर्स फॉल्सला हलला. कनेटिकट नदीवरचं धरण आणि कालवा यांतून तिथे कितीतरी जास्त शक्ती मिळत होती. पण स्थलांतराचा खर्च मोठा होता आणि पाठोपाठ 1873 ची मंदी आली. रसेल 1874 मध्ये वारला. कंपनी पुनर्रचनेतून तगली आणि 1933 मध्ये साउथब्रिजच्या हॅरिंग्टन कंपनीत विलीन झाली. टर्नर्स फॉल्सचा कालवा आजही वाहतो आहे. ग्रीनफिल्डला ग्रीन रिव्हरकाठी स्थानिक उद्योगांच्या वारशाचं एक छोटं संग्रहालय आहे. जाणाऱ्याने शिकारी सुरीबरोबर साध्या खाटकी सुरीलाही तेवढाच वेळ द्यावा. गावाचा धंदा तिच्यावर चालला होता.