तान्ह्या बाळाच्या आईचा रमजान

मिरजेतल्या एका घरात रमजानच्या पहाटे चार वाजता स्वयंपाकघराचा दिवा लागतो. सासूबाई तव्यावर भाकरी टाकतात, सासरे वजू करून येतात, धाकटा दीर तीन हाका मारल्याशिवाय उठत नाही. सून मात्र त्याआधीच जागी असते. पाच महिन्यांचे बाळ एका बाजूला पीत असते, दुसऱ्या बाजूला तिने पंप लावलेला असतो. दहा वाजता तिला पतसंस्थेच्या काउंटरवर बसायचे असते. बाळंतपणाच्या २६ आठवड्यांच्या पगारी रजेतले सहा आठवडे तिने आधीच घेतले होते. त्यामुळे बाळ पाच महिन्यांचे होते ना होते तोच ती कामावर रुजू झाली, आणि पाठोपाठ चाँद दिसला.

पहिले दोन रोजे निभावले. तिसऱ्या दिवशी दुपारी रेकॉर्डच्या खोलीत, कपाटाआड खुर्ची टाकून ती पंप लावून बसली. रोज सव्वाशे मिलिलिटरपर्यंत येणारे दूध त्या दिवशी साठच्या खुणेवरच थांबले. डोके ठणकत होते. संध्याकाळी घरी आली तेव्हा सासूबाईंनी सांगितले की बाळाने सकाळपासून तीनच लंगोट ओले केले. इफ्तारच्या दस्तरखानावर खजूर हातात धरून ती तशीच बसून राहिली. उद्याची नियत करायची की नाही, हे तिला ठरवता येईना.

हा पेच दर रमजानला प्रत्येक मोहल्ल्यात कुणाला तरी पडतो. पण विचारायचे कुणाला? दुधाची गोष्ट मौलानांपुढे काढायला संकोच वाटतो, आणि डॉक्टरीणबाईंना रोज्याचे काय कळणार, असा समज असतो. मग थोरल्या जावेचा सल्ला तोच फतवा ठरतो. आम्ही चार पोरांना अंगावर पाजत सगळे रोजे धरले, हे वाक्य तर ठरलेलेच. ते खोटे नसते. पण त्या बायकांचे बाळ दिवसभर त्यांच्याच मांडीवर असायचे, रडले की छातीशी जायचे. आठ तास घराबाहेर राहून, दूध बाटलीत काढून ठेवणाऱ्या सुनेची गोष्ट वेगळी आहे.

धर्माचे उत्तर मात्र अवघड नाही. आजारी आणि प्रवासी माणसाला कुरआनातच रोज्यातून सवलत आहे. गर्भवती आणि अंगावर पाजणारी आई यांनाही ती मिळाल्याचे हदीसमध्ये आले आहे. रोज्यामुळे स्वतःच्या किंवा बाळाच्या तब्येतीला अपाय होईल अशी खरी भीती असावी, एवढीच अट. ही भीती अनुभवावरून वाटू शकते किंवा डॉक्टरांच्या सांगण्यावरून. रोजा सुरू केल्यावर दुपारी प्रकृती बिघडली, तर तो तिथेच मोडता येतो. अशा कारणाने मोडलेल्या रोज्याचा कफ्फारा नाही, पुढे सवडीने कजा म्हणजे बदली रोजा ठेवायचा. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव चालू असेतो तर रोजा ठेवायचाच नसतो. मुस्लिम घरातला चाळीस दिवसांचा चिल्ला आणि शेजारच्या हिंदू घरातला सव्वा महिना, दोन्हीकडे बाळंतिणीला अंथरूण, शेक आणि गरम जेवण मिळते ते याच दिवसांत.

या सुनेपुढे आणखी एक गुंता होता. तिचे माहेर चिपळूणचे. कोकणातले मुसलमान बहुतेक शाफई, आणि घाटावरचे बहुतेक हनफी. माहेरून फोनवर सांगणे आले की कजासोबत फिदियाही द्यावा लागेल. सासरचे म्हणाले, फक्त कजा. दोघेही आपापल्या जागी बरोबर होते. हनफी मताप्रमाणे पाजणाऱ्या आईवर फक्त कजा आहे. शाफई मताप्रमाणे तिने स्वतःच्या तब्येतीसाठी रोजा ठेवला नाही तर फक्त कजा, पण निव्वळ बाळासाठी ठेवला नाही तर कजा आणि शिवाय दर दिवसामागे एका गरजूला धान्य. काही घरांत मात्र फिदिया दिला की हिशेब मिटला असे समजतात. या दोन्ही मतांप्रमाणे तसे होत नाही. रोजा कजा करावाच लागतो.

बाळाला पाजल्याने रोजा तुटतो का, आणि पंपाने दूध काढले तर, असेही पुष्कळजणी दबक्या आवाजात विचारतात. दोन्हींचे उत्तर नाही असेच आहे. अंगावरचे दूध बाहेर आल्याने रोजा तुटत नाही, वजूही जात नाही. रोजा तुटतो तो खाण्यापिण्यासारख्या, आत जाणाऱ्या गोष्टींनी.

आता शरीराचे गणित. बाळ जितके ओढते, तितके दूध पुन्हा तयार होते. छाती भरून राहिली की शरीराला निरोप जातो, आता एवढे नको. त्यामुळे दिवसा पाजणे किंवा पंप चुकला तर दूध तर कमी होतेच, शिवाय ते साकळून गाठ होते, ताप भरतो. अशी दुखरी, लाल गाठ आली तर पाजणे थांबवू नये. बाळाला त्या बाजूने पाजत राहावे आणि दिवसभरात डॉक्टरांना दाखवावे. दूध बनवणारे संप्रेरक, प्रोलॅक्टिन, रात्री आणि पहाटे जास्त स्रवते. सहरीच्या आधीचा पंप म्हणूनच फळतो. पान्हा सोडणारे संप्रेरक वेगळे, ऑक्सिटोसिन. ते काळजीने अडते आणि बाळाच्या नुसत्या वासानेही वाहू लागते. ऑफिसात पंप लावताना बाळाचा फोटो किंवा वापरलेले झबले जवळ ठेवायला सांगतात, ते उगाच नव्हे.

रोज्याने दूध आटते का? एका दिवसाच्या उपाशीपणाने दुधातली साखर, स्निग्धांश, प्रथिने फारशी बदलत नाहीत. शरीर आईच्या साठ्यातून बाळाचा वाटा काढतेच. झस्त, मॅग्नेशियम, पोटॅशियम यांसारखी काही खनिजे रमजानात दुधात थोडी कमी झाल्याचे तुर्कस्तानातल्या एका अभ्यासात दिसले आहे. खरी झळ बसते ती आईलाच, आणि तीही पाण्याच्या कमतरतेची. बाळ सहा महिन्यांच्या आतले, म्हणजे निव्वळ अंगावरच्या दुधावर असेल, तर ही जोखीम अधिक. वर्षाचे झालेले, वरणभात खाणारे मूल असेल तर बऱ्याच आया सुखरूप रोजे ठेवतात.

ओळखायचे कसे? बाळाचे लंगोट मोजायचे. चोवीस तासांत सहा तरी चांगले ओले व्हायला हवेत. ते कमी झाले, बाळ मलूल पडले, टाळू खोल गेली, रडताना डोळ्यांत पाणी येईना, तर इफ्तारची वाट बघत बसू नये. आईच्या बाबतीत गडद पिवळी लघवी, चक्कर, न थांबणारी डोकेदुखी ही खूण. सध्या रोजा साधारण तेरा तासांचा असतो. त्यातले उन्हाचे चार तास कामावर आणि बसस्टँडवर गेले तर शरीरावर फारच ताण पडतो.

पंपाची निवड हाही एक विषयच आहे. काही मेडिकल दुकानांत अजून रबरी फुग्याचा काचेचा पंप मिळतो. स्वस्त असतो, पण घेऊ नये. त्या फुग्याच्या आतली सफाई नीट होत नाही आणि ओढ किती बसते यावर ताबा नसतो, त्वचेला इजा होते. दांडा दाबून चालवायचा साधा पंप नोकरदार आईला पुरतो. रोज तीनदा काढायचे असेल तर विजेचा बरा. फनेलचे माप स्तनाग्राला बसणारे हवे. घट्ट असेल तर दुखते आणि दूधही येत नाही, आणि बहुतेकजणी दोष स्वतःच्या दुधाला देतात. पंप नसला तरी अडत नाही. हात साबणाने धुऊन, अंगठा आणि बोटे गडद वर्तुळाच्या थोडे मागे ठेवायची, आधी छातीकडे दाबायचे, मग बोटे जवळ आणायची, सोडायचे. त्वचेवरून बोटे घासायची नाहीत. पहिले दोन-चार दिवस चमचाभरच येईल. बाटलीतल्या आकड्यावरून आपले दूध किती हे ठरवू नये. पंपापेक्षा बाळाचे तोंड नेहमीच अधिक काढते.

आई जेवढे तास बाळापासून दूर, त्यात दर तीन तासांनी एकदा, पंधरा-वीस मिनिटे, हे बरे प्रमाण. कामावर परतलेल्या आईला मूल १५ महिन्यांचे होईपर्यंत दिवसात दोन वेळा, नेहमीच्या सुट्टीखेरीज, वेगळा वेळ मिळण्याची तरतूद कायद्यात आहे. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघरही हवे. तालुक्याच्या गावातल्या किती कचेऱ्यांना हे ठाऊक आहे, हा प्रश्न न विचारलेलाच बरा. या सुनेला रेकॉर्डची खोली मिळाली तीसुद्धा सोबतच्या कॅशियरबाईंनी साहेबांकडे शब्द टाकला म्हणून.

काढलेले दूध झाकणाच्या स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात, एका वेळेला पुरेल एवढेच, तारीख-वेळ लिहून ठेवावे. खोलीचे तापमान २५ अंशांपर्यंत असेल तर चार तास टिकते. आपल्याकडच्या दुपारी तेवढा भरवसा धरू नये, लगेच फ्रिजमध्ये टाकावे. फ्रिजच्या आतल्या कप्प्यात, दारात नव्हे, चार दिवस. बर्फाच्या पॅकांसह जाड पिशवीत २४ तास, म्हणजे ऑफिसातून घरी आणायला निर्धास्त. गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये तापवायचे नाही, भांडे कोमट पाण्यात ठेवायचे. वर साय धरलेली दिसली तर दूध नासले असे नव्हे, हलकेच हलवले की मिसळते. बाळाने उष्टे ठेवलेले दोन तासांच्या आत संपवावे, नाहीतर टाकावे. टाकताना जीव तुटतो, पण टाकावेच.

पाजायला बाटलीपेक्षा वाटी-चमचा किंवा आजीच्या फडताळातले बोंडले चांगले. बाटलीचे बूच नीट स्वच्छ होत नाही आणि त्यातून आयते मिळू लागले की काही बाळे अंगावर ओढायला कंटाळतात. मिरजेतल्या या घरी बोंडले नव्हते. ते शेजारच्या काकूंनी माळ्यावरून काढून, उकळून दिले, सोबत अळिवाचे लाडू.

लाडवांचे म्हणाल तर अळीव, डिंक, मेथी, शेपू, आणि मुस्लिम घरांतला हरीरा किंवा अछवानी, सगळे पौष्टिक. बाळंतिणीला लोह, कॅल्शियम, चार घास जास्त मिळतात. पण बाळाने ओढल्याशिवाय किंवा पंपाने काढल्याशिवाय नुसत्या लाडवांनी दूध वाढत नाही. रोजा ठेवणाऱ्या आईने सहरीला ज्वारीची भाकरी, डाळ, अंडे, दही असे सावकाश पचणारे खावे. चहा एकच कप पुरे. इफ्तारला खजूर, पाणी, फळ घेऊन आधी बाळाला पाजावे, भजी नंतरही मिळतात. इफ्तार ते सहरी पाणी थोडे थोडे करून प्यावे, शेवटच्या पाच मिनिटांत तांब्या रिकामा करून नव्हे.

एकत्र कुटुंबात कधी असेही सुचवले जाते की जाऊबाईंनाही तान्हे आहे, त्याच पाजतील दुपारचे. इस्लाममध्ये ही गोष्ट साधी नाही. परक्या बाईचे दूध प्यायलेले मूल तिचे दूधपुत्र होते, आणि तिच्या मुलांशी त्याचे लग्न कायमचे निषिद्ध ठरते. शाफई मताप्रमाणे पाच वेळा पोटभर पाजल्यावर, हनफी मताप्रमाणे एका घोटानेही. पैगंबरांना हलिमा सादिया यांनी पाजले होते आणि हे नाते त्यांनी आयुष्यभर मानले. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मानवी दुग्धपेढी सुरू केली. वेळेआधी जन्मलेल्या असंख्य बाळांना तिचा आधार झाला. तिथे अनेक आयांचे दूध एकत्र होते, म्हणून काही मुस्लिम कुटुंबे बिचकतात. उलेमांमध्येही मतभेद आहेत, काहीजण बाळाच्या जिवाच्या गरजेला प्राधान्य देतात. आईने स्वतःचेच दूध काढून ठेवले तर यातला कुठलाच प्रश्न येत नाही.

सूरह बकराच्या २३३व्या आयतीत पाजण्याची पूर्ण मुदत दोन वर्षे सांगितली आहे, आणि त्याच आयतीत त्या काळातल्या आईच्या अन्नवस्त्राची जबाबदारी बापावर टाकली आहे. जागतिक आरोग्य संघटनाही सहा महिने फक्त आईचे दूध आणि पुढे वरच्या अन्नासोबत दोन वर्षे किंवा त्याहून अधिक असेच सांगते. मशिदीतल्या बयानात या आयतीचा पहिला भाग कधीमधी येतो. दुसरा भागही यायला हरकत नाही. नवऱ्याने सहरीची भांडी घासली, रात्री पंपाचे भाग गरम पाण्याने धुऊन पालथे घातले, तरी पुष्कळ झाले.

त्या तिसऱ्या संध्याकाळी खजूर खाऊन झाल्यावर सासूबाईंनीच विषय काढला. बाळाचे लंगोट त्यांनीच मोजले होते. दुसऱ्या दिवशी बाळाच्या डॉक्टरांनी वजन केले, ते ठीक निघाले, पण बाळ वरचे खायला लागेपर्यंत कामाच्या दिवशी रोजा नको, असे त्यांनी सांगितले. मोहल्ल्यातल्या मौलानांना सासऱ्यांनी विचारले, त्यांनीही तेच सांगितले. आता ती घरात सर्वांसोबत सहरीला बसते, दहाला डबा घेऊन कामावर जाते आणि रेकॉर्डच्या खोलीत पंप लावण्याआधी तांब्याभर पाणी पिते. रविवारी घरी असते, बाळ जवळ असते, तेव्हा रोजा धरून पाहते. पहिल्या रविवारी जमला, लंगोट सात झाले. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर कजाच्या दिवसांना तिने पेन्सिलीने गोल केले आहेत. डिसेंबरमध्ये दिवस लहान असतात, तेव्हा आपणही सोबत धरू, असे सासूबाई म्हणाल्या आहेत. त्यांचेही मागचे काही बाकी आहेत.