मांजराशी खेळ दुपारी, धाप मात्र रात्री!

सुट्टीत मुलं मावशीकडे जातात आणि तिच्या मांजराशी दुपारभर खेळतात. दोन-चार शिंका येतात, डोळे चुरचुरतात, मग सगळं ठीक होतं. रात्री मात्र दमा असलेल्या मुलाला खोकल्याची उबळ येते, छातीतून सूं-सूं आवाज येऊ लागतो. घरातले आइस्क्रीमला दोष देतात. खरं कारण दुपारच्या खेळात असू शकतं.

दोष केसांचा नाही

मांजराच्या केसांमुळे अ‍ॅलर्जी होते, हा समज चुकीचा आहे. मुख्य कारण आहे ‘फेल डी 1’ नावाचं प्रथिन. ते मांजराच्या लाळेत आणि त्वचेतल्या तैलग्रंथींमध्ये तयार होतं. म्हणूनच बिनकेसांच्या मांजरामुळेही त्रास होतो. याचे अगदी बारीक कण बराच वेळ हवेत तरंगतात आणि श्वासातून फुप्फुसात शिरतात. कपड्यांना चिकटून ते मांजर नसलेल्या घरांतही पोहोचतात.

शरीरात काय घडतं?

आपल्या रोगप्रतिकारक यंत्रणेत टी पेशी असतात. अ‍ॅलर्जी असलेल्यांमध्ये त्यातल्या ‘टीएच-2’ पेशी या निरुपद्रवी प्रथिनाला शत्रू समजतात. त्यांच्या इशाऱ्यावर बी पेशी ‘आयजीई’ नावाची प्रतिपिंडं बनवतात आणि ती मास्ट पेशींवर जाऊन बसतात. पुन्हा मांजराशी संपर्क आला की मास्ट पेशी काही मिनिटांतच हिस्टामिन सोडतात. शिंका येतात, श्वासनलिका आवळतात. ही पहिली लाट.

दुसरी लाट सगळ्यांना येत नाही, पण आली तर साधारण 4 ते 8 तासांनी येते. टीएच-2 पेशींनी सोडलेल्या ‘आयएल-5’मुळे इओसिनोफिल पेशी गोळा होतात, तर ‘आयएल-13’मुळे कफ वाढतो. श्वासनलिकेला आतून सूज येते आणि धाप लागते.

झटपट आराम देणारा इनहेलर आवळलेली नलिका सैल करतो, पण सूज उतरवत नाही. ते काम रोजच्या स्टिरॉइड इनहेलरचं. म्हणून बरं वाटलं तरी तो स्वतःच्या मनाने बंद करू नका.

काय काळजी घ्याल?

• शंका असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने त्वचेची किंवा रक्ताची चाचणी करून घ्या.
• मांजराला झोपायच्या खोलीत येऊ देऊ नका.
• खेळून झाल्यावर हात-तोंड धुवा, कपडे बदला.
• मांजर दुसरीकडे दिलं तरी गाद्या, सोफा, पडदे यांत हे प्रथिन अनेक महिने टिकतं. त्यांची नीट स्वच्छता करा.
• अ‍ॅलर्जीची इंजेक्शनं तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्या. दमा आटोक्यात नसताना ती धोक्याची ठरतात.

बोलतानाही धाप लागत असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा इनहेलरने आराम पडत नसेल, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा.

पुढच्या वेळी मावशीकडे जाताना बॅगेत इनहेलर आठवणीने ठेवा. आणि शिंका थांबल्या म्हणून निश्चिंत होऊ नका, रात्रीही मुलाकडे लक्ष असू द्या.