लगाम सैल सोडल्यावर

टेक्सासमधल्या फोर्ट वर्थ शहरात दरवर्षी हिवाळ्याच्या तोंडावर घोड्यांची एक मोठी स्पर्धा भरते. घोडे सगळे तीन वर्षांचे. आखाड्याच्या एका टोकाला गुरांचा कळप उभा असतो. स्वार पावलाच्या चालीने, गुरं बिथरणार नाहीत अशा बेताने घोडा कळपात घालतो, एखादी कालवड हेरतो आणि तिला हळूहळू बाहेर काढतो. ती एकटी पडली, की लगामाचा हात घोड्याच्या मानेवर टेकवतो आणि लगाम सैल सोडून देतो.

इथून पुढे घोडा स्वतःच्या डोक्याने खेळतो.

कालवडीला काहीही करून कळपात परतायचं असतं. ती डावीकडे धावली की घोडा डावीकडे. ती थबकली की घोडा मागच्या पायांवर बसतो, छाती जवळजवळ जमिनीला टेकते आणि दोन्ही कान तिच्यावर रोखलेले राहतात. तिने हूल दिली आणि उजवीकडे उसळी मारली, तर घोडा तिथे आधीच पोचलेला असतो. कबड्डीत कसलेला गडी चढाईवाल्याच्या पायांकडे पाहून त्याची पुढची चाल ओळखतो, तसाच हा प्रकार. स्वार मात्र खोगिराच्या पुढच्या खुंटीला एका हाताने रेटा देऊन मांड सांभाळत असतो. घोड्याच्या मध्येमध्ये न येणं हेच त्याचं कौशल्य.

या खेळाचं नाव कटिंग. नियम असे, की घोड्याच्या या स्वतंत्र खेळाला जागा राहावी. वेळ अडीच मिनिटं. तेवढ्यात निदान एक जनावर कळपाच्या अगदी पोटातून काढून आणायचं. जनावर वेगळं झाल्यावर स्वाराने लगाम ओढलेला दिसला तर गुण कापले जातात. घोड्याला चकवून जनावर कळपात पळालं तर एकदम पाच गुण जातात. मदतीला आणखी चार स्वार असतात. दोघं कळप धरून ठेवतात. उरलेले दोघं, कालवड कंटाळून भलतीकडेच जाऊ लागली तर तिला पुन्हा घोड्यासमोर वळवतात.

हे कुणी करमणुकीसाठी शोधून काढलं नाही. एकोणिसाव्या शतकात टेक्सासच्या माळांना कुंपणं नव्हती. निरनिराळ्या मालकांची गुरं एकत्र चरत. वसंतात ती गोळा करायची, वासरू ज्या गाईच्या मागे असेल तिच्या मालकाचा डाग त्याच्यावर द्यायचा आणि विकायची जनावरं वेगळी काढायची. हे काम धसमुसळेपणाने केलं तर कळप उधळतो, गुरं वाळतात आणि मालकाचे पैसे बुडतात. काउबॉयच्या दिमतीला बरेच घोडे असत: रात्रीच्या राखणीला एक, नदी पोहून जायला दुसरा. पण गुरं निवडून काढणारा घोडा म्हणजे सगळ्यांत मोलाचा. हे कसब काउबॉय शिकले मेक्सिकोतल्या वाकेरोंकडून, म्हणजे तिथल्या घोडेस्वार गुराख्यांकडून. फास, खुंटीचं खोगीर, गुरं वळवायची रीत, सगळं त्यांचंच. सिनेमाने काउबॉय गोरा रंगवला. प्रत्यक्षात त्यांत मेक्सिकन आणि कृष्णवर्णीय माणसं फार मोठ्या संख्येने होती.

वाकेरोंकडे घोडे आले स्पेनमधून. 1519 मध्ये एर्नान कोर्तेस मेक्सिकोच्या किनाऱ्यावर उतरला, तेव्हा त्याच्याबरोबर 16 घोडे होते. नवलाची गोष्ट अशी, की घोड्याचा वंश मुळात उत्तर अमेरिकेतच घडला. लाखो वर्षं तिथे नांदून सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी तो तिथून नाहीसा झाला. जहाजातून उतरलेले ते 16 घोडे आपल्या पूर्वजांच्या माळांवर परतले होते.

मला राहून राहून वाटतं ते आश्चर्य वेगळंच आहे. कुत्रा गुरं वळवतो हे समजू शकतं; तो लांडग्याचा वंशज, सावज घेरणं त्याच्या रक्तातच आहे. घोडा तर स्वतःच सावज. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, जवळजवळ चहूकडे नजर, आणि धोका दिसताच पळणं हा त्याचा धर्म. असा प्राणी दुसऱ्या जनावराच्या डोळ्याला डोळा भिडवून त्याला रोखतो कसा? वळू घोडा आपल्या घोड्या हाकताना कान मागे पाडून मान जमिनीलगत नेतो. या गुणाचं मूळ कदाचित तिथे असेल. रँचवरचे लोक त्याला गुरांची समज म्हणतात. ती रक्तातच असावी लागते, शिकवणीने तिला फक्त धार येते, असं त्यांचं ठाम मत.

डॉक बार नावाच्या घोड्याची गोष्ट त्याला पुष्टी देते. तो जन्मला 1956 मध्ये, शर्यतीसाठी. तिथे त्याने सगळी मिळून शंभर डॉलरचीही कमाई केली नाही. मग देखणेपणाच्या प्रदर्शनांत त्याने नाव काढलं. त्याची संतती मात्र गुरांसमोर उभी राहिली, आणि आज कटिंगमधल्या असंख्य घोड्यांच्या वंशावळीत त्याचं नाव सापडतं. हे कुणी ठरवून केलेलं नव्हतं.

घोड्याची अशी हुशारी रोडिओतही, म्हणजे काउबॉयच्या कसबांच्या स्पर्धांतही, दिसते. रोडिओ म्हटलं की लोकांना आठवतात उधळलेल्या बैलाच्या पाठीवरचे आठ सेकंद. त्यात धाडस आहेच. तरी मी पाहत राहतो तो फास टाकणाऱ्याचा घोडा. वासराच्या गळ्यात फास पडताच स्वार खाली उडी मारतो आणि वासराचे तीन पाय बांधायला धावतो. घोडा एकटाच उरतो, आणि न सांगता मागे सरकत दोर ताणून धरतो. वासराच्या मानेला बसणारा हिसका मला पाहवत नाही, आणि या प्रकाराला विरोध करणाऱ्यांचं म्हणणं मला पटतं. घोड्याची हुशारी मात्र वादातीत आहे.

आणि मग स्कॅम्पर. गुरांच्या वाड्यात राबणारा, स्वारांना पाडणारा हा घोडा शार्मेन जेम्स या मुलीसाठी 1,100 डॉलरला घेतला गेला. 1985 मध्ये लास व्हेगासला झालेल्या रोडिओच्या राष्ट्रीय अंतिम स्पर्धेत ती पंधरा वर्षांची होती. खेळ बॅरल रेसिंगचा: तीन पिंपांना वळसे घालून सुसाट परतायचं. ऐन धावेत स्कॅम्परच्या डोक्यावरून लगाम निसटला. आता त्याला वळवायला किंवा आवरायला तिच्या हाती काही नव्हतं. घोड्याने उरलेले वळसे बिनचूक घेतले आणि ती फेरी जिंकली. या जोडीने 1984 ते 1993 सलग दहा जगज्जेतेपदं मिळवली.

कटिंगची चित्रफीत मोबाइलवर सहज मिळते. पाहाल तेव्हा आधी स्वाराचा लगामाचा हात खाली टेकलेला आहे ना, ते बघा. मग नजर फक्त घोड्याच्या कानांवर ठेवा.