पाहुण्या कुत्र्याची रात्र कुठे?

दिवाळीच्या सुट्टीत शेजारी आठवडाभर गावाला निघतात आणि जाता जाता फाटकाशी थांबून विचारतात, ‘‘मोत्याला आठ दिवस ठेवाल का? काही त्रास नाही त्याचा. सकाळ-संध्याकाळ दूध-भाकरी टाकली की झालं.’’ पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये या प्रश्नाचे उत्तर घरातल्या जागेवर आणि ऑफिसच्या वेळांवर ठरते. जुन्नर-आंबेगावात, नारायणगाव, ओतूर किंवा मंचरच्या आसपासच्या मळ्यातल्या वस्तीवर, आधी एकच गोष्ट पाहावी लागते. हा कुत्रा रात्री झोपणार कुठे?

कारण बिबट्याला कुत्रा आवडतो, ही इथल्या आजीबाईंपासून सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट विज्ञानानेही मोजली आहे. जुन्नरला लागून असलेल्या अकोले तालुक्यात डॉ. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेचे नमुने तपासले. खाल्लेल्या भक्ष्याच्या वजनाचा हिशेब केला, तर ८७ टक्के वाटा पाळीव जनावरांचा निघाला आणि त्यात एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के. शेळ्या कुत्र्यांच्या बऱ्याच मागे होत्या. याचे कारण सोपे आहे. शेळ्या रात्री गोठ्यात कोंडल्या जातात, कुत्रा मात्र अंगणात असतो. पंधरा-वीस किलोचे हे जनावर बिबट्याला एका झडपेत उचलता येते.

बिबट्या इथे वाट चुकून आलेला नाही. कुकडी प्रकल्पाच्या धरणांनी आणि घोड नदीवरच्या डिंभे धरणाने या भागाला बारमाही पाणी दिले, पाण्यामागे ऊस आला. वर्ष-दीड वर्ष उभ्या राहणाऱ्या या पिकात सावली, पाणी आणि आडोसा मिळतो. माद्या उसातच पिल्ले घालतात. दिवाळीच्या सुमारास तोडणी सुरू होते, एकेक फड मोकळा होतो आणि त्यातले बिबटे दुसऱ्या आडोशाच्या शोधात निघतात. म्हणजे लोक सुट्टीवर जाऊन कुत्रा शेजाऱ्याकडे सोडतात ते दिवस आणि बिबट्यांच्या फिरतीचे दिवस नेमके एकच.

त्यात पाहुण्या कुत्र्याचे स्वतःचे प्रश्न असतात. घरचा कुत्रा निदान अंगणाचे कानेकोपरे ओळखतो. नव्या जागी तो पहिले एक-दोन दिवस जेवत नाही, रात्री भुंकतो, केविलवाणा ओरडतो. हा आवाज उसातून सहज ऐकू जातो. आणि दोरी तोडून सुटलाच, तर सरळ आपल्या घराकडे धावतो, उसाच्या बांधावरून, अंधारात. तो पळू नये म्हणून ओट्याच्या खांबाला साखळीने बांधावे, तर त्याला निसटायलाही जागा उरत नाही. साखळीला बांधलेला कुत्रा राखण करत नाही. तो बिबट्याला दाराशी बोलावतो. त्याच ओट्यावर उकाड्यात माणसे झोपतात, मुले खेळतात. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शेजारच्या शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुलांचेही जीव गेले. बिबट्या सहसा माणसाच्या मागे नसतो हे खरे. पण तो घराच्या जितका जवळ वावरेल, तितकी गाठ पडण्याची शक्यता वाढते.

म्हणून ‘हो’ म्हणण्याआधी घरात दार लागणारी एक खोली हवी. पत्र्याची शेड चालेल, पण तिला मजबूत दार हवे. नुसत्या जाळीच्या, वरून उघड्या पिंजऱ्याचा उपयोग नाही, बिबट्या उत्तम चढतो. रात्री शू-शीसाठी कुत्र्याला बाहेर न्यावे लागू नये, यासाठी अंधार पडण्याआधी त्याला फिरवून आणावे आणि पुन्हा उजाडल्यावरच दार उघडावे. पहाटे पाचला त्याला घेऊन बांधावर उभे राहणे हा कुत्र्याइतकाच माणसालाही धोका आहे. मालकाकडून त्याचे रोजचे खाणे आणि त्याच्या वासाची जुनी चादर मागून घ्यावी. त्या वासाने तो लवकर शांत होतो.

दुसरी चौकशी लसीची. ‘‘दिलीय कधीतरी’’ हे उत्तर धरू नये, जनावरांच्या डॉक्टरांनी नोंद केलेले कार्ड पाहावे. रेबीजची पहिली लस पिल्लू तीन महिन्यांचे झाल्यावर देतात आणि पुढे नियमित द्यावी लागते. बावरलेला कुत्रा ओळखीच्या माणसालाही चावतो, विशेषतः जेवताना कुणी ताटलीला हात लावला तर. घरात लहान मुले असतील तर कुत्रा आणि मूल यांना एकटे सोडू नये.

चावलाच, तर हळद, चुना, मिरची काही लावू नये. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. जखम खोल असेल, रक्त आले असेल, तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. लसीच्या सगळ्या तारखा पाळाव्या लागतात. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रोगी जवळपास कधीच वाचत नाही. पाहुण्या कुत्र्यावर दहा दिवस लक्षही ठेवावे. तो आठ दिवसांनी घरी परतणार असेल, तर उरलेल्या दिवसांची जबाबदारी मालकावर आहे, हे त्याला स्पष्ट सांगावे.

बंद खोली नसेल किंवा कार्ड नसेल, तर नाही म्हणावे. शेजाऱ्याला नाही म्हणणे जड जाते, भावकीतला असेल तर जास्तच. पण आठ दिवसांनी परतलेल्या माणसाच्या हातात नुसता गळपट्टा ठेवणे त्याहून जड आहे. नाही म्हणताना वेगळी वाटही सुचवता येते. कुत्रा त्याच्याच घरी राहील, नातेवाईकांपैकी कुणीतरी तिथे झोपायला येईल आणि शेजारी दुपारी एक फेरी मारतील. कुत्र्यालाही ओळखीचे घर सोडावे लागत नाही. संध्याकाळी मात्र, सूर्य मावळायच्या आत, कुणीतरी त्याला आत घेऊन कडी लावायला हवी. ते कोण लावणार हे मालक निघण्याआधीच ठरवावे. परिसरात बिबट्या दिसला तर वनविभागाला कळवण्यासाठीचा १९२६ हा क्रमांकही त्याच कागदावर लिहून भिंतीला लावून ठेवावा.